भुताखेतांचे पुस्तक घरात आले तर



रब्बीची पेरणी उरकलेली असते, हरभरा घाट्यावर यायला अजून अवकाश असतो, अशा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गावागावांतून माणसे मुंबईला निघतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दिल्लीत निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज चैत्यभूमी आहे. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर शिवाजी पार्कचे मैदान. महापरिनिर्वाण दिनाला या मैदानात पुस्तकांचे गाळे लागतात. भाकरीचे गाठोडे घेऊन आलेली माणसे परतताना त्यात पुस्तके बांधून नेतात.

हल्ली त्या गाठोड्यात कधी एक निराळे पुस्तकही निघते. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी दादर स्टेशनाकडच्या दुकानातून एखादा जाडजूड ग्रंथ घेऊन येते. वर कवटीचे चित्र. आत राज्ये, लढाया, काळ्या विद्येचा मांत्रिक आणि त्याने थडग्यांतून उठवलेले मुडद्यांचे सैन्य. शिवाय हा नुसता पहिला भाग, पुढे आणखी पाच-सहा आहेतच! मग आजी म्हणते, "घरात देव्हारा आहे, असले पुस्तक नको." वडील म्हणतात, "परीक्षा तोंडावर आली आणि हे काय?" आई बिचारी मध्ये सापडते.

पिकापाण्याचे बोलणे संपले की ओटीवर हा प्रश्न हमखास निघतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक घरात येऊ द्या. मात्र ते वाचताना एक गोष्ट सतत पाहायला शिकवा. मेलेल्याला कोण उठवतो यापेक्षा त्याला राबवतो कोण आणि त्यात फायदा कुणाचा, हे पाहायचे. एवढे कळले तर ते पुस्तक मुलाला बिघडवणार नाही, उलट शहाणे करील.

पैठणचा वेताळ

मुडदे उठवण्याच्या गोष्टी साहेबाच्या देशातून आल्या, असे कुणी समजू नये. अशी सर्वांत नामांकित मालिका आपल्याच गोदाकाठची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यातल्या वेताळाच्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली आली. पुढे 'चांदोबा' मासिकातून विक्रम आणि वेताळ घरोघर पोचले. खांद्यावर प्रेत घेतलेला राजा पाहिला नाही असे आमच्या पिढीतले पोर विरळा.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा सांगाडा पुन्हा पाहा. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. हे दहा वर्षे चालते. एके दिवशी माकड फळ फोडते, तेव्हा आत रत्न सापडते. राजा भारावतो आणि त्याच्या कामाला तयार होतो. काम असे की, वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात येऊन शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणून द्यायचे. शिंशपा म्हणजे आपल्या शिसवीच्या जातकुळीतले झाड. त्या प्रेतात वेताळ शिरलेला. तो वाटेत गोष्ट सांगतो, प्रश्न घालतो, उत्तर मिळाले की झाडावर परत जातो. शेवटच्या प्रश्नाला राजाजवळ उत्तर नसते. तो गप्प राहतो, तेव्हा वेताळच त्याला सावध करतो, "अरे, तो भिक्षू तुझा बळी देणार आहे!"

म्हणजे गंमत अशी की, या गोष्टीत प्रेत कुणाचा घात करीत नाही. घात करायला टपलेला आहे तो जिवंत माणूस. तो भुताला ताब्यात घेऊन मोठी सत्ता मिळवू पाहतो, आणि त्यासाठी दहा वर्षे गोड फळे पुरवतो.

या मालिकेतल्या दोन गोष्टी तर थेट मेलेल्याला उठवण्याच्याच आहेत. एकीत चार विद्वान भाऊ हाडे गोळा करून सिंह घडवतात. एक हाडे जोडतो, दुसरा मांस चढवतो, तिसरा कातडे आणि केस, चौथा प्राण घालतो. सिंह उठतो आणि चौघांनाही खातो. दोष कुणाचा? राजा म्हणतो, प्राण घालणाऱ्याचा. विद्या होती, पण ती कुठे वापरू नये एवढी अक्कल नव्हती.

दुसरी अधिक हळवी आहे. एका मुलीला तिघांनी मागणी घातलेली, तोच ती मरते. एक जण तिच्या अस्थी गंगेला नेतो. एक गावोगाव भटकून संजीवनी मंत्र मिळवतो. तिसरा तिच्या राखेवरच अंथरूण घालून राहतो. मंत्राने मुलगी उठते. मग ती कुणाची? राजा सांगतो, जीव देणारा तो बापासारखा, अस्थी नेणारा तो मुलासारखा, आणि राख न सोडता राहिला तोच तिचा नवरा. हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हे कळत होते की, मंत्र टाकून उठवणे म्हणजे माया नव्हे.

उसाच्या मळ्यातला मुडदा

आता परदेशी पुस्तकांतल्या 'झोंबी'कडे वळू. हा चालता-फिरता मुडदा हैती नावाच्या बेटावरच्या देशातून जगभर पसरला. फ्रेंचांच्या अमलात तिथे उसाचे प्रचंड मळे होते. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तिथे राबत आणि झिजून मरत. १७९१ साली त्यांनी बंड केले आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला.

हैतीच्या लोकसमजुतीतला मुडदा कुणाला चावत नाही की खात नाही. मांत्रिक त्याला कबरीतून उठवतो आणि मळ्यात राबवतो. त्याला मन नाही, मजुरी नाही, कुरकूर नाही. त्याच्या तोंडात मीठ पडले तर त्याला शुद्ध येते आणि तो आपल्या कबरीकडे परत निघतो, असेही तिथे मानतात. विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाने १९२९ साली आपल्या पुस्तकात उसाच्या फडात राबणाऱ्या अशा मुडद्यांच्या गोष्टी सांगितल्या. १९३२ साली सिनेमा निघाला आणि झोंबी जगात गेला.

ज्यांच्या घरातली माणसे कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात त्यांना यातले भय वेगळे समजावून सांगायला नको. मुडदा येऊन खाईल अशी भीती त्या लोकांना नव्हती. मेल्यावरही आपली सुटका नाही, तेव्हाही राबावेच लागेल, ही त्यांची भीती होती.

टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या १९५४-५५ साली आलेल्या तीन भागांच्या कादंबरीतही हीच कसोटी लागते. तिथे वचन मोडल्यामुळे अडकून पडलेली मेलेल्यांची एक फौज आहे. चांगला राजा तिला बोलावतो, राहिलेले वचन तेवढे पुरे करून घेतो आणि मोकळे करतो. वाईटाची खूण अशी की, तो हाताखाली आलेल्या कुणालाच सोडत नाही.

आपल्या मराठीतले नाव सांगायचे तर नारायण धारप (१९२५ ते २००८). त्यांचे 'समर्थ' आणि सोबतचे आप्पा जोशी ही जोडी कित्येक गोष्टींतून येते. स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाची छाया धारपांच्या काही लेखनावर आहे, पण त्यांचे वाडे, त्यांची गावे, त्यांची माणसे आपली वाटतात. त्यांचे समर्थ आपल्या शक्तीचा बाजार मांडत नाहीत, अडलेल्याच्या मदतीला धावतात. मराठीतून सुरुवात करायची असेल तर ही वाट चांगली.

पुस्तकातला आणि गावातला

पुस्तकातला मांत्रिक पान मिटले की गप्प बसतो. गावातला बसत नाही, म्हणून त्याची ओळख ठेवली पाहिजे.

गोठ्यात सकाळी धडधाकट असलेली गाय संध्याकाळी तडफडून मरते आणि कुणीतरी म्हणते, करणी केली. पाऊस लांबला की ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत, तिच्या फुटव्यात, हायड्रोसायनिक आम्लाचे विष असते. जनावर त्यात चरले तर बघता बघता जाते. फऱ्या आणि घटसर्पही असेच झडप घालतात. पहिल्याला उपाय म्हणजे ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत जनावर त्यात सोडू नये, आणि पोट फुगून धाप लागल्यासारखे दिसताच डॉक्टरांना बोलवावे. दुसऱ्याला उपाय पावसाळ्यापूर्वीची लस. बांधावरच्या लिंबू-बाहुलीने ना विष चढते ना उतरते. मात्र तिच्यापायी भावकी तुटते आणि एखाद्या म्हातारीवर चेटकीण म्हणून आळ येतो.

याहून नाजूक वेळ म्हणजे घरात नुकतेच कुणी गेलेले असते ती. कर्ता माणूस गेला, तरणे पोर गेले. त्या घरातली आई मेलेल्याचा एक शब्द ऐकायला काहीही द्यायला तयार असते. नेमका तेव्हा कुणीतरी येतो आणि सांगतो, "त्याचा आत्मा अडकलाय, मी बोलणे करून देतो." आधी अंगारा फुकट, मग कोंबडे, मग बकरे, मग सोन्याची मणी-डोरली. क्षांतिशीलाची फळे हीच! आधी देतो, मग मागतो, आणि शेवटी मान मागतो.

यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झटून २० ऑगस्ट २०१३ रोजी प्राण गमावले. त्यांच्या खुनानंतर आधी वटहुकूम निघाला आणि त्या वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. मंत्राने भूत-पिशाच्चाला बोलावतो असे सांगून किंवा तशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणे, भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे, कुणाला करणी करणारा ठरवून त्याचा छळ करणे, हे सारे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. तक्रार पोलीस ठाण्यात करावी. देवपूजा, वारी, हरिपाठ, श्राद्ध यांच्या आड हा कायदा येत नाही, हेही आजीला सांगावे.

सुरुवात कशी करावी

१. मालिकेचा एकच भाग आधी आणावा, शक्य तर वाचनालयातून. बियाणे नवे असले की आपण आधी चार ओळी लावून पाहतो, तसेच हे.

२. भाग क्रमाने वाचावेत. नावे, राज्ये, नाती पुष्कळ असतात. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर वंशावळ मांडावी. ज्याला भावकीची वाटणी पाठ आहे त्याला हे जड नाही.

३. मालिका पुरी झालेली आहे का, ते विचारून घ्यावे. जॉर्ज मार्टिन या अमेरिकी लेखकाच्या गाजलेल्या मालिकेचा पहिला भाग १९९६ साली आला, पाचवा २०११ साली, आणि सहाव्यासाठी वाचकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

४. फार लहान मुलांच्या हाती रक्तामांसाची वर्णने देऊ नयेत. त्यांना वेताळपंचविशी मोठ्यांनी वाचून दाखवावी आणि राजाने उत्तर देण्याआधी थांबून त्यांना विचारावे, "तू काय न्याय केला असतास?"

५. घरात दुखवटा असेल तर असले पुस्तक थोडे दिवस बाजूला ठेवावे. गेलेल्याचे नाव काढून रडू द्यावे, त्याच्या आठवणी बोलू द्याव्यात.

६. मुलगा किंवा मुलगी वाचत असेल तर रात्री जेवताना गोष्ट विचारावी. कुणी कुणाला उठवले, कशासाठी आणि शेवटी सोडले का? मुले सांगू लागली की आजीही कान देते, असा माझा अनुभव आहे.

दादरच्या त्या किनाऱ्यावर दर वर्षी लाखो माणसे एका गेलेल्या माणसासाठी येतात. त्याला उठवायला कुणी जात नाही. त्याने काय सांगितले ते पुस्तकांतून घरी नेतात आणि वाचतात. मेलेल्याशी बोलण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. गाठोड्यात त्या पुस्तकांशेजारी कवटीचे चित्र असलेले एखादे निघाले, तर घाबरून जाऊ नका. दिवा मोठा करा आणि म्हणा, "वाच बघू, काय झाले पुढे?"

पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोलू. ती मात्र खरीच आहे, आणि अंगाऱ्याने जात नाही.