शोधाच्या चौकटीवर मालकी कोणाची?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा परिसरांतील ग्रंथालये जुलै २०२१ पासून एकाच सामायिक शोधव्यवस्थेवर आली. १९८०च्या दशकात याच विद्यापीठाने ‘मेल्विल’ नावाची सामायिक सूची स्वतःच्या हिमतीवर उभारली होती. ती आता निवृत्त झाली असून तिची जागा ‘एक्स लिब्रिस’ या कंपनीच्या ‘प्रायमो’ प्रणालीने घेतली आहे. या बदलाकडे तांत्रिक सुधारणा म्हणूनच पाहिले जाते. परंतु त्यात एक राजकीय प्रश्न दडलेला आहे.

वाचकाने काहीच निवडले नाही तर शोध कोठे घ्यायचा, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. त्यालाच ‘डिफॉल्ट’ म्हणतात. शोध आपल्याच परिसरापुरता घ्यायचा की दहाही ग्रंथालयांत? ज्या लेखांचा संपूर्ण मजकूर तत्काळ उपलब्ध नाही, त्यांच्या नोंदी दाखवायच्या की वाचकाने खूण करीपर्यंत झाकून ठेवायच्या? बहुसंख्य विद्यार्थी ही मांडणी कधीच बदलत नाहीत. ती बदलता येते हेही अनेकांना ठाऊक नसते. म्हणून डिफॉल्ट ही केवळ सोय नव्हे, तो वाचकाच्या वतीने घेतलेला निर्णय आहे.

या निर्णयाचा मराठी ग्रंथांशीही संबंध आहे. पीएल-४८० कायद्यान्वये आलेल्या अमेरिकन गव्हाचे मोल भारताने रुपयांत चुकते केले. त्या रुपयांच्या एका अंशातून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी होऊन अमेरिकन विद्यापीठांकडे जाऊ लागली. बर्कलेचा दक्षिण आशियाई संग्रह असाच समृद्ध झाला. २००५ साली सुरू झालेल्या मर्सेड परिसराला असा वारसा नाही. तेथील विद्यार्थ्याने महात्मा फुल्यांचे मराठी लेखन शोधले आणि शोध मर्सेडपुरताच झाला, तर सूची ‘काही नाही’ असे उत्तर देईल. पुस्तक विद्यापीठाचे आहे, विद्यार्थीही विद्यापीठाचाच आहे. दोघांच्या मध्ये उभी राहते ती एक न बदललेली खूण. जे सापडत नाही ते वाचले जात नाही, जे वाचले जात नाही ते दूरच्या कोठारात जाते, आणि मग त्याला मागणीच नव्हती असे आकडेवारी सांगते!

यावर असा आक्षेप घेतला जातो की, उद्या निबंध द्यायचा असलेल्या विद्यार्थ्याला आठवड्याने येणाऱ्या पुस्तकाचा काय उपयोग? हजारो नोंदींच्या ढिगाऱ्यापेक्षा हाताशी असलेल्या दहा बऱ्या. आक्षेप खोटा नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याचा वेळ मोलाचा असतो. पण ‘ताबडतोब मिळणारे तेवढेच दाखवा’ हा पर्याय त्याला ठळक अक्षरांत देता येतो. मर्यादा वाचकाने जाणून स्वीकारणे वेगळे आणि त्याच्या नकळत ती लादणे वेगळे. पहिल्यात स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात पालकत्वाचा आव.

शिवाय मालकीचा प्रश्न उरतोच. एक्स लिब्रिस २०१५ मध्ये ‘प्रोक्वेस्ट’कडे आणि २०२१ मध्ये प्रोक्वेस्टसह ‘क्लॅरिव्हेट’कडे गेली. हाच उद्योगसमूह ग्रंथालयांना लेखसंग्रह आणि ई-पुस्तके विकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने पुस्तकांची एकरकमी विक्री टप्प्याटप्प्याने बंद करून वर्गणीवर भर देण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्रंथपालांत संतापाची लाट उठली आणि कंपनीला मुदत वाढवावी लागली. जो माल विकतो त्याच्याच हाती दुकानाच्या पाटीबरोबर मालाची मांडणीही असावी काय? येथे कोणावर लबाडीचा आरोप करण्याची गरज नाही. हितसंबंध आहेत, एवढे पुरेसे आहे. शोधाची व्याप्ती ठरविणे ग्रंथालयांच्या हाती असते; निकालांच्या क्रमवारीचे सूत्र मात्र बहुतांशी कंपनीकडेच राहते. मग जे हाती आहे तेही कंपनीने पाठविलेल्या मांडणीवर सोडून देणे ही शुद्ध शरणागती ठरते.

म्हणून सामायिक सूचीचा पहिला शोध सर्व परिसरांच्या संपूर्ण संग्रहात व्हावा. कोणत्याही नोंदी गाळल्या असतील तर तसे पडद्यावर स्पष्ट लिहावे. आणि हे नियम बंद दाराआडच्या समितीने न ठरविता ग्रंथपाल, विद्यार्थी आणि अध्यापक यांच्या खुल्या चर्चेतून ठरावेत व दरवर्षी तपासले जावेत. सार्वजनिक पैशाने जमविलेले ज्ञान सार्वजनिक राहते की नाही, याची कसोटी ग्रंथालयाच्या दारावर लागत नाही. ती त्या पहिल्या रिकाम्या चौकटीत लागते.