लेझीम, रांगोळी आणि औंढ्याची वेधशाळा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याला, गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. पारावर चर्चा चालते ती जमिनीच्या भावाची आणि नोकऱ्यांची. ती गैर नाही. पोट सर्वांनाच आहे. माझे भांडण आहे ते शहाण्यासुरत्या मंडळींशी. ती म्हणतात, ‘हे शास्त्र खेड्यातल्या पोरांच्या डोक्यावरून जाणार, मराठीत तर ते सांगताच यायचे नाही.’

साफ खोटे! मी मॅट्रिक झालेला मास्तर सांगून दाखवतो.

दारातली चौकोनी ठिपक्यांची रांगोळी पाव फेरा फिरवली तरी तशीच दिसते. फिरवूनही फरक न पडणे म्हणजे सममिती. आता लेझीम पाहा. आरंभ डाव्या पायाने करा की उजव्या, खेळाला दोन्ही सारखेच. पण पथकाने एक पाय धरला की ती सममिती मोडते. सारी पोरे एका तालात चालतात, एकट्याला ताल सोडता येत नाही. द्रवरूप हेलियम सुमारे उणे २७१ अंशांखाली थंड केला की त्याचे अणू असेच एका तालात येतात. एकेकट्याला अडवता येत नाही, म्हणून तो द्रव घर्षणावाचून वाहतो. भांड्याच्या कडेवरून चढून बाहेरही पडतो! १९३८ साली मॉस्कोचे कापित्सा आणि केंब्रिजचे ॲलन व मायझनर यांनी ही अतिप्रवाहिता जगापुढे मांडली.

याचा औंढ्याशी संबंध काय? न्यूट्रॉन तारा वीसेक किलोमीटर रुंदीचा, पण वस्तुमानाने सूर्याहून भारी. त्याच्या पोटातही असाच अतिप्रवाही द्रव असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. तिथे भांडे घेऊन कोण जाणार? मात्र असे दोन तारे एकमेकांत मिसळले की लहरी उठतात आणि त्यांवरून ताऱ्याच्या अंतरंगाचा अंदाज बांधता येतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या वेधशाळांनी अशा लहरी टिपल्या. दुधाळ्याच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा याच कामासाठी आहेत.

सांगा, यात आमच्या पोरांना न पेलणारे काय होते? अवघड शास्त्र नाही; अवघड आहे ते सांगणाऱ्याचा आळस मोडणे. या वेधशाळेची माहिती मराठीतून जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत पोचली पाहिजे, आणि ती पोचवणे हे आम्हां मास्तरांचे व लेखकांचे काम आहे.

कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे घालवले, तेव्हा औंढ्याचे देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आपण भक्तीने सांगतो. त्याच औंढ्यात विद्येचे देऊळ आमच्या पोरांकडे पाठ करून उभे राहिले, तर नामदेवांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार उरणार नाही.