कळलं नाही, सांगा ना!

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला बायका जमलेल्या असतात. कुणीतरी एक विनोद सांगतं आणि सगळ्या खो खो हसतात. आपल्याला मात्र त्यात हसण्यासारखं काय ते उमगत नाही. मग आपण काय करतो? तोंडाला पदर लावून सगळ्यांबरोबर हसून घेतो! नव्या सुनेवर तर ही पाळी फारच येते. सासरचे विनोद तिथल्याच माणसांवर नि जुन्या आठवणींवर रचलेले. तिला बिचारीला ते कळावेत कसे? पण मनात रुखरुख लागते, 'मीच मेली मठ्ठ!'

आधी हे मनातून काढून टाका. विनोद काय आणि कोडं काय, दोन्ही कुलपासारखी. किल्ली जवळ नसेल तर भल्याभल्यांनाही उघडत नाहीत. आणि या किल्ल्या तशा साध्याच असतात.

पहिली किल्ली वस्तूच्या ओळखीची. आपल्या एका जुन्या कोड्यात सूपभर लाह्या असतात आणि त्यांत एक रुपया. उत्तर काय, तर चांदण्या आणि चंद्र. आजीला ते चटकन सुटायचं, कारण सूप तिच्या रोजच्या हातातलं आणि अंगणात निजलं की आभाळ डोळ्यांसमोर. फ्लॅटमध्ये वाढलेल्या नातवाने सूपही पाहिलेलं नसतं आणि चांदण्यांनी भरलेलं आभाळही. तीन पायांच्या तिपाईवर बसलेला शिपाई म्हणजे चुलीवरचा तवा, हे गॅसच्या शेगडीपुढे वाढलेल्या पोराला कसं सुचणार? त्याला आधी चुलीची तीन उंच टोकं चित्र काढून दाखवा, मग कोडं घाला. बघा कसा टाळी वाजवतो ते!

दुसरी किल्ली शब्दाची. आजी विचारते, "मुलीसाठी वर पाहिलात का?" धाकटा माळ्याकडे मान करून म्हणतो, "पाहिलं, वर कुणीच नाही!" 'वर' म्हणजे नवरदेव हे ज्याला ठाऊक नाही, त्याला यात हसू येणार नाही. परप्रांतात वाढलेली सून किंवा इंग्रजी शाळेतलं लेकरू इथे अडलं, तर दोष बुद्धीचा नव्हे.

तिसरी किल्ली, आपण मनाशी काय धरून चाललो ते तपासण्याची. दोन बाप आणि दोन मुलगे जेवायला बसले. ताटात लाडू तीनच. तरी प्रत्येकाला अख्खा लाडू मिळाला. कसा? आपण लगेच चार माणसं मोजतो. पण चार माणसं आहेत असं म्हटलंय कुणी? आजोबा, वडील आणि नातू, झाले की दोन बाप, दोन मुलगे!

काही कोडी तर मुद्दामच अवघड केलेली असतात. मुक्ताबाईंच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. अशा गूढ रचनांना 'कूट' म्हणतात. कीर्तनकार त्यांचा अर्थ उलगडून सांगतात आणि माणसं मन लावून ऐकतात. तिथे कुणाला लाज वाटत नाही. मग घरातच का वाटावी?

संस्कृत पंडित दंडी याने 'काव्यादर्श' ग्रंथात कोड्यांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. कोडी कशाला उपयोगी पडतात, तेही सांगितलंय: करमणुकीला, गर्दीत गुपित बोलायला आणि दुसऱ्याला गोंधळात पाडायला. म्हणजे चौघांतल्या एकाला बाजूला ठेवण्यासाठी केलेलं बोलणं काही आजचं नाही!

म्हणूनच एक युक्ती सांगते. बायकोच्या स्वयंपाकावर, माहेरावर, रंगावर कुणी काही बोलतं आणि वर "अगं, गंमत केली" म्हणतं. अशा वेळी कसनुसं हसू नका, रुसूही नका. शांतपणे विचारा, "मला नाही कळलं. यातली गंमत काय, ते सांगा ना." खरा विनोद असेल तर सांगणारा आनंदाने उलगडून सांगेल आणि तुम्हीही हसाल. टोमणा असेल तर तोच सरळ शब्दांत पुन्हा बोलायला सांगणाऱ्याची जीभ अडखळेल. थट्टा आणि टोमणा निवडून वेगळे करायला, तांदळातले खडे वेचावेत तसा, हा एक प्रश्न पुरतो. भांडणाची गरजच पडत नाही.

आणि सासूबाई, जाऊबाई, वन्सं, तुम्हालाही एक विनंती. सगळे हसताहेत आणि नवी सून नुसतीच बघतेय असं दिसलं, तर तिला जवळ घेऊन त्यामागची गोष्ट सांगा: "अगं, यांच्या मुंजीत काय झालं होतं ठाऊक आहे?" एवढ्याने ती पाहुणी राहत नाही, घरची होते.

मुलांना मात्र उत्तर लगेच सांगू नका. एक खूण द्या, वाट पाहा, मग दुसरी द्या. सुटलेल्या कोड्याची गोडी सांगितलेल्या उत्तराला नाही.

जाता जाता एक कोडं. डब्यात काळी, पातेल्यात उकळली, घराला जाग आणून स्वतः गाळणीत राहिली. ओळखा पाहू कोण? नाही सुटलं तर लाजू नका. दुपारच्या चहाला शेजारणीला बोलवा आणि तिलाच विचारा!