चुकीचा जोड धुऊन जात नाही

घन आधारावर बांधलेल्या शर्करासाखळ्यांच्या शोधनिबंधांत साखळीची लांबी शीर्षकात झळकते आणि ॲनोमरांचे प्रमाण पुरवणीत हुडकावे लागते. हा क्रम उलटा व्हायला हवा, असे आमचे ठाम मत आहे. मेरिफिल्ड यांनी 1963 मध्ये पेप्टाइडसाठी आणलेली युक्ती सरळ होती: साखळी रेझिनला बांधा, अभिक्रियाकारक मुबलक वापरा, उरलेले धुऊन टाका. 1971 मध्ये ती शर्करांवर आजमावली गेली आणि 2001 मध्ये पीटर सीबर्गर यांच्या गटाने यंत्रावर चढवली. पण पेप्टाइडमध्ये रेसिमीकरण आवरले की अमाइड बंध झाला की नाही, एवढाच प्रश्न उरतो. ग्लायकोसिडिक बंध मात्र होऊनही चुकीचा असू शकतो. न जुळलेली साखळी कॅपिंगने थांबवता येते. अल्फाच्या जागी बीटा जोड बसलेली साखळी पुढच्या प्रत्येक फेरीत बिनबोभाट वाढत राहते, कितीही धुतले तरी रेझिनवरच राहते, आणि वस्तुमान तेच असल्यामुळे मॅल्डीतही पकडली जात नाही.

दर कपलिंगला 95:5 निवडकता मिळाली, तरी दहा जोडांनंतर सगळे बंध अचूक असलेल्या साखळ्या जेमतेम 60 टक्के उरतात. 2020 मध्ये शंभर मॅनोजांची साखळी यंत्रावर तयार झाली, हे मोठेच काम. मात्र तिथल्या अल्फा-1,6 जोडांना दुसऱ्या कार्बनवरच्या एस्टरचा आधार होता आणि प्राथमिक हायड्रॉक्सिलही तत्पर होते. सिस-ग्लुकोज किंवा बीटा-मॅनोज जोडांची पंचशर्करा ही आम्हाला त्याहून कठीण परीक्षा वाटते. शेवटी एचपीएलसी आहेच, असे काही जण म्हणतील. त्रिशर्करेपर्यंत ते पुष्कळदा खरे ठरते. साखळी लांबली की एकाच जोडात फरक असलेले समघटक एकाच शिखराखाली दडतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्रातून हाती येतात काही मिलिग्रॅम, त्यांत प्रत्येक बंध तपासायचा कसा? त्यासाठी प्रत्येक नव्या जोडाची त्रिशर्करेपुरती वेगळी फेरी चालवावी आणि रेझिनवरून सुटलेल्या, शुद्ध न केलेल्या मालाचाच कपल्ड एचएसक्यूसी घ्यावा. पायरॅनोजमध्ये ॲनोमेरिक कार्बन-हायड्रोजन युग्मन अल्फासाठी 170 हर्ट्झच्या, बीटासाठी 160 हर्ट्झच्या आसपास दिसते. लांब साखळीत निवडकता बदलू शकते, म्हणून मधल्या एखाद्या टप्प्यावरही हीच तपासणी हवी. आमच्याकडे लेख पाठवताना हे आकडे, प्रत्येक जोडासाठी वापरलेल्या डोनरचे सममूल्य आणि संरक्षक गट काढल्यानंतरचे अंतिम उत्पन्न मुख्य मजकुरातल्या तक्त्यात द्यावे.