विश्लेषण : डेटा सेंटर बेंगळूरुत, रांग धडगावात… ‘सर्व्हर डाउन’चा फटका कसा टळेल?

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला उपस्थित होते. आज याच जिल्ह्यात रेशनचे धान्य अंगठ्याच्या ठशावर मिळते. त्यामुळे शेकडो किलोमीटर दूरचे डेटा सेंटर नीट चालते की नाही, हा सातपुड्यातील पाड्यांचाही प्रश्न ठरतो.

अंगठा नेमका कुठे तपासला जातो?

ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवताच माहिती मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरकडे आणि तिथून आधार प्राधिकरणाकडे जाते. प्राधिकरणाची डेटा सेंटर बेंगळूरु आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. ठसा जुळला की नाही, याचे उत्तर त्याच वाटेने परत येते. या साखळीतील एक कडी तुटली, तरी दुकानात ‘सर्व्हर डाउन’ एवढेच ऐकू येते.

चांगले डेटा सेंटर कशाला म्हणायचे?

पहिली कसोटी विजेची. वीज गेल्यावर बॅटऱ्या काही मिनिटे भार पेलतात, तोवर डिझेल जनरेटर सुरू व्हावा लागतो. वीज, शीतकरण आणि नेटवर्क या प्रत्येकासाठी राखीव व्यवस्था लागते. थंड हवा आणि यंत्रांतून निघणारी गरम हवा एकमेकांत मिसळू नये, अशी यंत्रांच्या रांगांची मांडणी करतात, त्यामुळे विजेची बचत होते. मात्र जनरेटर असणे वेगळे आणि ऐनवेळी तो सुरू होणे वेगळे. म्हणूनच प्रत्यक्ष भार टाकून नियमित चाचणी घ्यावी लागते.

दुसरी प्रत का महत्त्वाची?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणाऱ्या एका यंत्रणेची दुसरी प्रत बाहेर कुठेही नव्हती; ती माहिती जळून गेली. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी आणि तिच्यावरून काम पुन्हा सुरू करण्याची रंगीत तालीमही हवी, हा त्याचा धडा.

९९.९८२ टक्के म्हणजे किती?

‘टियर ३’ दर्जाच्या केंद्रासाठी ९९.९८२ टक्के उपलब्धता हे प्रमाण सर्रास सांगितले जाते. म्हणजे वर्षभरात साधारण दीड तास बंद. कागदावर हे नगण्य वाटते. पण तो दीड तास धान्यवाटपाच्या दिवशी आला, तर पाड्यावरून पायी आलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात टॉवरला रेंजच नसेल, तर केंद्र सुरू असूनही तिच्यासाठी बंदच. केंद्राच्या अहवालात मात्र हा वेळ ‘बंद’ म्हणून धरला जात नाही. मोजमापातली खरी उणीव हीच आहे.

मग काय करायला हवे?

उपलब्धता सर्व्हरच्या खोलीत मोजण्याऐवजी दुकानातील यंत्रापाशी मोजली पाहिजे. तालुकानिहाय किती व्यवहार अडले, याचे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. देखभालीची कामे वाटपाचे दिवस टाळून करावीत आणि दुकानदारांना आधी कळवावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्रणा बंद पडली तरी चालणारा पर्याय. ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नसले, तरी पात्र लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. त्यासाठीची नोंदवही प्रत्येक दुकानात असावी आणि तशी पाटी दर्शनी भागात लावलेली असावी. अभियंते जनरेटरला राखीव व्यवस्था म्हणतात. रेशन दुकानात तेच काम ही वही करते. जनरेटरची चाचणी होते, तशी या वहीचीही तपासणी व्हायला हवी. आधारची सुरुवात जिथे झाली, त्या नंदुरबारपासूनच हा पायंडा पडायला हरकत नाही.