तलाठ्याचे दप्तर आणि सर्व्हर
संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली परस्परसंबद्ध तक्त्यांचा सिद्धान्त मांडला, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या अहमदपूर तालुक्यात सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांचा मेळ तलाठ्याच्या स्मरणशक्तीवरच विसंबून असे. ई-फेरफार प्रणाली आली आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी गुंठाभर जरी जुळली नाही, तरी जी तफावत पूर्वी बिनबोभाट खपून जाई, ती पडद्यावर उघडी पडू लागली. सर्व्हर रेंगाळला की रात्री जागून नोंदी घेणारे तलाठी त्रासतात, आणि तो त्रागा रास्तच. मात्र संगणकाने बेरीज मागितली म्हणून होणारी कुरकूर मला मुळीच पटत नाही. लेखनप्रमाद आढळल्यास आता जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश लागतो. शाईने खाडाखोड करण्याची सोय उरलेली नाही.