इसार पावतीवरच जमीन ‘फिरते’. मधला फरक कोण ठरवतं?

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या यवतसारख्या गावांत जमिनीचा सौदा अनेकदा दोन नव्हे, तीन जणांत होतो: शेतकरी, गुंतवणूकदार आणि मधला एजंट. हा एजंट फक्त दलाली घेत नाही. तो आधी स्वतःच्या नावे इसार पावती किंवा साठेखत करतो आणि खरेदीखताआधीच तो सौदा वाढीव भावाने दुसऱ्याला देतो.

फरक किती?

समजा, एका एकराचा म्हणजे ४० गुंठ्यांचा सौदा २ लाख रुपये गुंठ्याने ठरला: ८० लाख. गुंतवणूकदार अडीच लाखाने तयार झाला: १ कोटी. मधले २० लाख एजंटचे. दोन टक्क्यांनी दलाली घेतली असती, तर १ कोटीवर २ लाखच मिळाले असते.

पण दलालाची इसाराची रक्कम अडकत नाही. इथे मुदतीत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर एजंटचा इसार बुडू शकतो. त्यामुळे इसार किती दिला, मुदत किती आणि सातबारा किती स्वच्छ, यावर हा फरक ठरतो.

कायदा काय म्हणतो?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार नुसत्या विक्री-कराराने जमिनीत मालकी हक्क तयार होत नाही. म्हणजे एजंट जमीन विकत नसतो, करारातला हक्क देत असतो. करारात मनाई नसेल, तर असा हक्क साधारणपणे दुसऱ्याला देता येतो. मुखत्यारपत्रावरची ‘विक्री’ ही मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सही करण्यापूर्वी

शेतकऱ्याने करारातली ‘लिहून घेणार किंवा ते सांगतील त्यांच्या नावे’ ही ओळ शोधावी. ती असेल, तर जमीन पुढे फिरणार हे गृहीत धरून भाव आणि मुदत ठरवावी.

गुंतवणूकदाराने मूळ करार पाहावा, शेतकऱ्याला थेट भेटावं आणि खरेदीखतात एजंटची ‘मान्यता देणार’ म्हणून सही घ्यावी. शेतजमीन घेण्यासाठी सहसा शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तुकडेबंदीही तपासावी. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

वाढीव भाव घेणं बेकायदा नाही. पण शेतकऱ्याला तो माहीतच नसेल, तर वाद तिथूनच सुरू होतो.